सोल्डर बिटावर गोळा होतं, पॅडला लागत नाही: सोल्डरिंग शिकताना सुरुवात कुठून करायची

प्रश्न थोडक्यात असा: २५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न, त्याला सुईसारखं टोकदार बिट, आणि संचाबरोबर आलेली सोल्डर वायर. सोल्डर बिटावर वितळून गोळा होतं, पण पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या छोट्या टिकलीवर, पसरत नाही. पसरलंच तर राखाडी, खडबडीत दिसतं. सरावाच्या बोर्डावरचे दोन पॅड तर उखडूनच आले. आयर्न बदलावं, की हाताला सवय नाही म्हणून असं होतंय?

हाताचं नंतर बघू. ही तिन्ही लक्षणं एकाच दुखण्याची आहेत: बिटातली उष्णता जोडात उतरत नाही. सोल्डर फक्त तापलेल्या आणि स्वच्छ धातूवर पसरतं. तुमच्याकडे तापलेलं आहे ते एकटं बिट, म्हणून ते बिटालाच धरून बसतं. पॅड पुरेसा तापलेला नसताना सोल्डर त्यावर पडलं की जागीच गोठतं, म्हणून खडबडीत दिसतं. आणि सोल्डर लागत नाही म्हणून तुम्ही आठ-दहा सेकंद बिट दाबून धरता. तेवढ्या वेळात तांब्याचा पातळ थर बोर्डाला धरून ठेवणारं रेझिन मऊ पडतं आणि पॅड सुटतो. उष्णता कमी पोचल्यामुळे बोर्ड जास्त जळतो, हे ऐकायला उलटं वाटेल, पण बहुतेक उखडलेल्या पॅडांचं कारण हेच असतं. हवी तेवढी उष्णता दोन-तीन सेकंदांत देता आली तर आजूबाजूचं काही बिघडत नाही.

म्हणून आधी बिट बघा. चांगल्या बिटाचा गाभा तांब्याचा असतो, कारण तांबं उष्णता झटकन वाहून नेतं. पण वितळलेल्या सोल्डरमधलं कथील तांब्याला हळूहळू विरघळवतं, म्हणून वर लोखंडाचा पातळ मुलामा देतात. काम या मुलाम्याच्या टोकावर होतं. हा मुलामा कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून काढलात की खालचं तांबं खड्डे पडत झिजतं आणि बिट काही दिवसांत संपतं. ‘बिट घासून चकचकीत करा’ हा सल्ला मुलामा नसलेल्या जुन्या तांब्याच्या बिटांचा आहे. अगदी स्वस्त आयर्नबरोबर अजूनही तशी बिटं येतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे थंड बिटाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर मुलामा आहे, कानस लांब ठेवा. नाही चिकटला तर ते नुसतं तांबं. घासायला हरकत नाही, पण दर थोड्या दिवसांनी घासावंच लागेल.

तापलेलं लोखंड हवेत उघडं राहिलं की काळं पडतं. हा काळा थर ऑक्साइडचा. तो उष्णताही नीट पुढे जाऊ देत नाही आणि सोल्डरलाही धरत नाही. त्यामुळे बिटाचं टोक कायम सोल्डरच्या पातळ चकचकीत थराखाली झाकलेलं हवं. याला टिनिंग म्हणतात; बिटाला कल्हईच म्हणा ना. नवीन बिट पहिल्यांदा तापवताना थंड असतानाच टोकाला सोल्डर वायरचे तीन-चार वेढे द्या आणि मग स्विच लावा. सोल्डर वितळायच्या तापमानाला बिट पोचलं की ते आपोआप झाकलं जातं, काळं पडायला सवड मिळत नाही.

पुढची सवय जवळजवळ प्रत्येक नवशिक्या उलटी लावून घेतो. बिट पुसायचं ते जोड करायच्या आधी, स्टँडवर ठेवायच्या आधी नाही. जोड झाल्यावर उरलेलं सोल्डर तसंच राहू द्या, वाटल्यास थोडं आणखी लावा, आणि आयर्न स्टँडवर ठेवा. ते घाणेरडं दिसतं, पण तेच बिटाचं पांघरूण आहे. पुसून लख्ख केलेलं बिट स्टँडवर ठेवलं तर पाच-दहा मिनिटांत त्याचा रंग उतरलेला दिसेल. बंद करतानाही तसंच: आधी भरपूर सोल्डर, मग स्विच.

पुसायला ओला स्पंज चालतो, पण तो ओलसर हवा, पाणी निथळणारा नको. पितळेच्या तारांचा गोळा त्याहून बरा, कारण बिट त्यात थंड होत नाही. भांडी घासायचा स्टीलचा चोथा मुलामा ओरबाडतो, तो वापरू नका. बिट आधीच काळं पडलं असेल तर फ्लक्सवाली (फ्लक्स म्हणजे धातूवरचं ऑक्साइड साफ करणारा पदार्थ) सोल्डर वायर टोकाला लावा, पितळी गोळ्यात घुसळा, पुन्हा लावा, पुन्हा घुसळा. चार-पाच वेळा केलं की बहुतेक बिटं शुद्धीवर येतात. नाही आलं तर टिप टिनर नावाची डबीतली पेस्ट मिळते, त्यात टोक बुडवायचं. तेही फसलं तर बिट बदला. बिट ही झिजणारीच वस्तू आहे.

आता आकार. सुईसारखं टोक बारीक कामाला सोयीचं वाटतं, पण पॅडला ते जेमतेम एका ठिपक्याएवढं टेकतं आणि उष्णता त्या ठिपक्यातूनच जाते. छिन्नीसारखं चपटं, २ ते २.४ मिमी रुंदीचं बिट घ्या. त्याची कड पॅड आणि पाय (रेझिस्टरसारख्या भागाची भोकातून येणारी तार) दोघांनाही लागते. तुमच्या तक्रारीतली अर्धी एवढ्यानेच जाईल, असं माझं मत आहे.

आयर्न लगेच बदलायला हवं असं नाही. वॅट म्हणजे तापमान नव्हे. जोडाने ओढून घेतलेली उष्णता किती वेगाने परत भरून येते, याचं ते माप आहे. २५ वॅटचं साधं आयर्न रेझिस्टर, एलईडी अशा छोट्या जोडांना पुरतं. त्याची खोड अशी की त्याला तापमानाचं नियंत्रण नसतं. नुसतं पडून असेल तर गरजेपेक्षा जास्त तापतं, आणि तांब्याच्या मोठ्या भागाला टेकलं की गार पडतं. पुढे मागे घ्यायचंच झालं तर तापमान ठरवता येणारं ६० वॅटच्या आसपासचं आयर्न घ्या. शिशाच्या सोल्डरला ३२० ते ३५० अंश सेल्सियस आणि शिसेविरहित सोल्डरला ३५० ते ३८० अंशांवर ठेवायचं.

आयर्नपेक्षा संचातली वायर आधी बदला. नाव-गाव नसलेल्या वायरीत कधी फ्लक्सच नसतो. तपासायला वायरचं टोक स्वच्छ बिटावर वितळवून बघा. राळेच्या वासाचा बारीक धूर निघाला आणि सोल्डर बिटावर पसरलं तर ठीक. धूर नाही आणि नुसता गोळा फिरतोय तर ती वायर बाजूला टाका. शिकायला ६३/३७, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं, आत राळेचा फ्लक्स असलेली, ०.८ मिमी जाडीची वायर सर्वांत सोपी. या प्रमाणाचं वैशिष्ट्य असं की ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० वायर गोठताना काही अंशांची मऊ, अर्धवट अवस्था येते. तेवढ्यात पाय हलला की जोड बिघडतो. शिसेविरहित वायरीत कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबं असा मिश्रधातू बराच चालतो. तो २१७ ते २२० अंशांना वितळतो आणि त्याचा चांगला जोडही जरा मंदच दिसतो. म्हणून त्या सोल्डरवर ‘चमकतोय का’ ही कसोटी लावू नका. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स मात्र इलेक्ट्रॉनिक्सला कधीही वापरायचा नाही. तो जोडाखाली राहून पाय आणि ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, खातो.

शिशाची भीती चुकीच्या जागी घातली जाते. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ म्हणण्यासारखी होत नाही. दिसतो तो धूर राळेचा. तोही निरुपद्रवी नाही, वारंवार हुंगल्याने दमा होऊ शकतो. एक छोटा पंखा बाजूला असा ठेवा की तो धूर तुमच्या तोंडापासून दूर ओढेल. जोडावर वारा मारणारा पंखा जोडच गार करतो. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. सोल्डर करताना खाणं-पिणं नाही, वायर दातात धरायची नाही, काम संपलं की साबणाने हात धुवायचे. घरात लहान मुलं असतील किंवा काम करणारी व्यक्ती गरोदर असेल तर सरळ शिसेविरहित वायर घ्या. शिकायला थोडी अवघड, इतकंच.

आता एक जोड, सावकाश. सराव करायचा तो २.५४ मिमी अंतराने भोकं असलेल्या, मागे तांब्याचे गोल पॅड असलेल्या साध्या बोर्डावर, पाव वॅटच्या रेझिस्टरांनी. बोर्ड जुना, हाताळून मळलेला असेल तर तांबं आधी खोडरबराने घासून घ्या. रेझिस्टरचे पाय अंगापासून दोनेक मिमी सोडून वाकवा, भोकांत घाला, बोर्ड उलटा करा आणि पाय किंचित बाहेर फाकवा म्हणजे तो खाली पडणार नाही. बोर्ड हलता कामा नये. पकड नसेल तर मळलेल्या मातीचा गोळा किंवा चिकटपट्टीही चालते. आयर्न पेनासारखं धरा आणि मनगट टेबलाला टेकवा.

बिट पुसा आणि लगेच त्याला राईएवढं सोल्डर लावा. हे जोडासाठी नाही. बिट आणि पॅड हे दोन कडक धातू एकमेकांना टेकले तरी मध्ये हवेची फट राहते. हा ओला थेंब ती फट भरतो आणि उष्णता धावत पुढे जाते. आता बिटाची चपटी कड पायाला आणि पॅडला एकाच वेळी टेकवा. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. मनात ‘एक’ म्हणा. मग वायरचं टोक बिटाच्या समोरच्या बाजूने, पाय आणि पॅड जिथे मिळतात त्या कोपऱ्यात लावा. बिटाला लावू नका. जोड तापला असेल तर वायर तिथे स्वतःहून वितळते; नसेल तर नुसती वाकते. म्हणजे वायर हाच तुमचा तापमापक. वितळल्यावर आधी एक फुगीर थेंब दिसतो, क्षणभर तो तसाच राहतो, आणि मग त्याची कड एकदम खाली बसून पॅडभर पसरते. या क्षणाला डोळा सरावला की निम्मं सोल्डरिंग आलं. ०.८ मिमीची वायर एका जोडाला २ ते ४ मिमी पुरते. आधी वायर काढा, अर्ध्या सेकंदाने बिट पायाच्या दिशेने वर उचला. वायर उशिरा काढलीत तर ती जोडातच चिकटून बसेल. गोठेपर्यंत दोन-तीन सेकंद काही हलवू नका, फुंकरही मारू नका.

सगळं मिळून तीन सेकंद, फार तर चार. पाच सेकंदांत सोल्डर लागलं नाही तर दाबत बसू नका. बिट उचला, जोड थंड होऊ द्या, आणि बिट काळं आहे का, पॅड मळका आहे का ते बघा.

बिटावर सोल्डरचा थेंब घेऊन तो पॅडवर नेऊन लावायची सवय बहुतेकांना लागते, तुम्हालाही लागली असावी. त्यात अडचण अशी की वायरीतला फ्लक्स गरम बिटावर दोन-चार सेकंदांत जळून जातो. जोडापर्यंत पोचतं ते फ्लक्स नसलेलं सोल्डर, आणि ते तांब्यावरचं ऑक्साइड साफ करू शकत नाही. मग ते लोंबतं, शेपटी काढतं, शेजारच्या पॅडला चिकटतं.

जोड वाचायला भिंग घ्या. चांगल्या जोडाची बाजू आत वळलेल्या उतारासारखी असते, कड पॅडच्या टोकापर्यंत पातळ होत गेलेली असते, आणि सोल्डरमधून पायाचा आकार जाणवतो. मण्यासारखा गोल, पॅडवर नुसता बसलेला जोड म्हणजे पॅड तापला नव्हता. उलट पॅडवर सोल्डर छान पसरलंय, पण पायाभोवती बारीक काळी रेघ आहे: पाय तापला नव्हता किंवा मळका होता. हा प्रकार सर्वांत फसवा, कारण तो पहिल्या दिवशी चालतो आणि नंतर बोर्डाला धक्का लागला की बंद पडतो. पृष्ठभाग दाणेदार, भेगाळलेला असेल तर गोठताना पाय हलला. या तिन्हींवर एकच उपाय: थोडा फ्लक्स लावा, स्वच्छ बिटाने पुन्हा वितळू द्या, हात स्थिर ठेवा. वरून आणखी सोल्डर थापल्याने आतला दोष नुसता झाकला जातो.

पन्नासेक जोड असे करा. पहिले वीस वाईट होतील, त्यांच्याकडे फार बघत बसू नका. शेवटच्या दहांत एकसारखेपणा आला की पुढे जा. उरलेले पाय कटरने कापताना सोल्डरच्या उताराच्या वर कापा, उतारात नको, आणि पायाचं टोक बोटाने धरून कापा. तुटलेला तुकडा डोळ्याच्या दिशेने उडू शकतो, चष्मा घालाच.

पहिलं चालणारं सर्किट म्हणून एक लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी पुरे. एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेले ७ भागिले ४७०, म्हणजे साधारण १५ मिलीअँपिअर. एलईडीला ते योग्य आहे. एलईडीचा लांब पाय धन, आणि कडेला चपटी बाजू असते तो ऋण. डायोडवरचा पट्टा ऋण बाजूला असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टाही ऋण पायाकडचा. कपॅसिटर उलटा लागला तर तो फुगतो, फुटतोही, तेव्हा तो दोनदा बघा. मोठ्या बोर्डावर बुटके भाग आधी आणि उंच भाग नंतर लावा. रेझिस्टर, मग आयसीचं (चिपचं) सॉकेट, मग कपॅसिटर. आयसी थेट सोल्डर करण्याऐवजी सॉकेट वापरा, आणि त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांचे पाय आधी लावून ते सपाट बसलंय का ते पाहा. सगळे पाय झाल्यावर तिरकं दिसलं तर सरळ करणं जिवावर येतं.

कधीतरी एक पॅड असा भेटेल की कितीही तापवा, सोल्डर त्यावर गारच पडतं. तो बहुधा ग्राउंडचा, म्हणजे सर्किटच्या सामाईक ऋण बाजूचा असतो. बोर्डाच्या मोठ्या तांब्याच्या पत्र्याला तो जोडलेला असल्याने उष्णता सगळीकडे पांगते. रुंद बिट लावा, तापमान २०-३० अंश वाढवा, बिटाचा मोठा भाग टेकवा आणि एक-दोन सेकंद जास्त द्या. सुईच्या बिटाने हा जोड होणार नाही, कितीही वेळ धरलंत तरी.

वायरींबद्दल थोडक्यात. ५-६ मिमी सोला, तारा पिळा, एकट्या वायरीला सोल्डर पाजा, मग जोडा. दोन वायरी जोडत असाल तर हीट श्रिंकची (तापवल्यावर आवळणारी) नळी जोडायच्या आधी वायरीत घाला आणि जोडापासून लांब सरकवून ठेवा. हे विसरून जोड झाल्यावर कपाळावर हात मारणं सगळ्यांच्याच नशिबी असतं. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या टोकाला मात्र सोल्डर लावू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल पडतो.

चुकलेलं काढायला वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप, किंवा विक, म्हणजे फ्लक्स लावलेली तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी. दोन्हींत पहिली पायरी विचित्र वाटते: काढायच्या जोडावर आधी नवं सोल्डर घाला. जुन्यात फ्लक्स उरलेला नसतो, नव्याबरोबर ते नीट वितळतं. पंप वापरताना सोल्डर पूर्ण पातळ होऊ द्या, नोझल अगदी जवळ न्या आणि बटण दाबा. विक जोडावर ठेवा, बिट विकवर ठेवा, पट्टी चांदीसारखी भरत जाताना दिसेल. दोन्ही एकदम उचला. बिट आधी उचललं तर पट्टी पॅडला चिकटते आणि ओढताना पॅड घेऊन येते. दोन शेजारचे पॅड सोल्डरने जोडले गेले असतील तर पंपही लागत नाही. बिट पुसा, फ्लक्स लावा, आणि दोन्हींच्या मधून बिट आपल्याकडे ओढा. जास्तीचं सोल्डर बिटाबरोबर येतं.

आयर्न टेबलावरून पडलं तर पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या. भाजलंच तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, बर्फ नको. लिथियम सेलवर थेट सोल्डर करणं, किंवा घरच्या विजेवर चालणारं उपकरण उघडून त्यातला पॉवर सप्लाय दुरुस्त करणं, ही पहिल्या वर्षाची कामं नव्हेत. सेल उष्णतेने पेटू शकतो, आणि पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो.

बोर्ड पूर्ण झाला की बॅटरी लावायच्या आधी मल्टिमीटर बीपवर (दोन जागा एकमेकींना जोडलेल्या असल्या की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून तिच्या धन आणि ऋण जागांमध्ये तपासा. सलग बीप आली तर कुठेतरी शॉर्ट आहे, बॅटरी लावू नका. नाही आली तर प्रत्येक भागाच्या पायापासून तो ज्या पुढच्या भागाला जोडला जायला हवा त्याच्या पायापर्यंत तपासा. एक टोक पायावर ठेवा, पॅडवर नाही. काळ्या रेघेचा तो फसवा जोड पॅडवरून तपासला तर बरोबर निघतो. पायावरून तपासला, आणि पाय चिमट्याने किंचित हलवला, की बीप तुटते. तिथेच पुन्हा बिट लावा.